आबांचा हात वर गेला की

आबांचे हात तोंडाच्या आधी बोलायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ माश्या हाकलताहेत.

न्हावऱ्याच्या पुढे, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा जनावरांच्या गोळी पेंडीचा कारखाना होता. सरकी, मका आणि मळी यांचा गोडसर वास एसटीतून उतरतानाच नाकात शिरायचा. बी.कॉम.चा निकाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी तिथे नोकरी मागायला गेले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे नोकरी कशी मागतात हे सांगणारं कुणी नव्हतं. आत ग्राइंडर मका भरडत होता. त्या आवाजात मी घसा ताणून नाव, गाव, टक्केवारी सांगत राहिले. आबा माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या माळाकडे बघत होते. मग त्यांनी मूठ कानाशी नेली, बोटं उघडली आणि तळहात हवेत हळूच खाली दाबला. पोतं शिवणारा कामगार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वरडू नका म्हनत्यात. समदं कळलं. उद्यापास्नं या."

त्या कारखान्यात सगळेच हातांनी बोलायचे. ट्रक आला की दोन मुठी स्टिअरिंगसारख्या फिरायच्या. चहा आला की अंगठा ओठाला लागायचा. मळी संपत आली की कोपरावरून बोट ओघळत खाली यायचं. ग्राइंडरवर बिहारहून आलेला सुरेश होता. त्याने मला पहिल्याच आठवड्यात शहाणं केलं, "मॅडम, इधर आबा का हाथ देखने का. मुँह तो उनका खाली तंबाखू के लिए है." ही ग्राइंडरच्या आवाजामुळे पडलेली सवय असेल असं मी धरून चालले होते. खरं उलटं होतं. हातांची भाषा आधीची होती, कारखाना नंतरचा. ती भाषा हौसाताईंची होती.

हौसाताई ही आबांची एकुलती एक लेक. मी नोकरीला लागले तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. तिला अजिबात ऐकू यायचं नाही आणि म्हणून बोलताही यायचं नाही. दाराजवळ बसून ती पोत्यांची तोंडं तपासायची आणि आल्यागेल्याला नावं ठेवायची, म्हणजे खरोखरच नाव द्यायची. प्रत्येक माणसाला एक खूण. सुरेशची खूण कपाळावरचा घाम निपटण्याची. मी विचार करताना हनुवटीला बोट टेकवते हे मला स्वतःला माहीत नव्हतं; तिने पाहिलं आणि तेच माझं नाव झालं. आबांचं नाव तिने लहानपणीच ठेवलं होतं: कपाळावर आडवा तळहात, डोळ्यांवर सावली धरून लांब बघितल्यासारखा.

ते नाव आबांना इतकं शोभायचं की दुसरं कुठलं सुचूच नये. दुपारी जेवण झालं की ते ओट्यावर बसून माळाकडे बघत राहायचे. न्हावऱ्याचा तो माळ आता ऊस आणि कांद्याने बराच हिरवा झालाय, पण उन्हात त्याच्या कडेला अजून वाफ हलते, आणि त्या वाफेत झाड आहे की माणूस ते ओळखू येत नाही. एकदा मी विचारलं, "आबा, एवढं काय बघता?"

"मेंढरं."

"कुठं आहेत?"

"न्हाईत. इकली न्हवं का, पयला ग्राइंडर घ्यायला." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "पर बघायला असायलाच पायजेत व्हय?"

हौसाताईंची गोष्ट मला त्यांनीच सांगितली, एका जेवणाच्या सुट्टीत, ग्राइंडर बंद असताना. सांगतानाही हात चालूच होते. "आमचा तळ हालता. आज हितं, उद्या तिथं, दिवाळी झाली की कोकणाकडं. पोर मेंढरांतच वाढली. कुत्रं भुकलं की मान वळवायची. मी शीळ घातली की बघायची. आमाला काय शंका यील? मेंढरं आवाजाकडं मान वळवायची, आन् ती मेंढरांकडं बघून वळवायची. एकदा मेंढरं लांब चराय गेली आन् ही एकलीच झाडाखाली बसली. तिची आई हाका मारून मारून दमली. पोरगी ढिम्म. तवा कळलं." आबांनी भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "दात पडाय लागलं हुतं तिचं तवा. पुण्याचा डाक्टर म्हनला, तान्ही असताना कळलं असतं तर कानाला यंतर लावून बोलाय शिकली असती. येळेवर कळाय पायजे हुतं."

'येळेवर कळाय पायजे' हे त्यांचं पालुपद होतं. मक्यात ओल निघाली, ट्रकचा टायर बसला, कुणाच्या पोराने पळून जाऊन लग्न केलं, आबा एवढंच म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, काटेकोर मालक आहेत. जुनी माणसं हौसाताईंकडे बघायची.

न्हावऱ्याच्या चौकात एका चहाच्या टपरीवर आबांची दोन माणसांशी गाठ पडायची. एक राहू गावच्या ताई. पॉलीहाऊसमधली गुलाबाची फुलं आणि भाजीची रोपं विकून त्यांनी मोठा व्यवसाय उभा केला होता. धाकटा भाऊ दारूने गेला, तेव्हापासून दारू सोडणाऱ्यांसाठी त्या गावोगाव बैठका घेत. दुसरे केंदूरचे मामा. एमआयडीसीतल्या कंपन्यांना शेड आणि टाक्या बनवून देणारं त्यांचं वर्कशॉप होतं. त्यांचा भाचा शेततळ्यात बुडाला. तळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरतो, पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. म्हणून मामा दिसेल त्या शेततळ्यात दोर आणि जुन्या टायरांची शिडी सोडत फिरायचे. आबांना तान्ह्या बाळांचे कान तपासायची सोय हवी होती. तिघांचंही दुःख घरचं होतं आणि तिघंही त्यासाठी एकमेकांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जायचे.

"तेच ते आपन आपल्यातच फिरवतोय," एक दिवस आबा म्हणाले. मी चेकवर त्यांच्या सह्या घ्यायला तिथे गेले होते, म्हणून हे संभाषण माझ्यासमोर झालं. "म्या मामाला द्यायचं, मामानं ताईला, ताईनं मला."

ताई म्हणाल्या, "मागायचंच बंद करा. मागितलं की लोकं शटर खाली घेतात. आपण धंदेवाली माणसं, काहीतरी विकू."

"इकण्यासारखं एकच हाय आपल्याकडं." आबांनी कपाळावर बोट ठेवलं. "डोस्कं."

मामा चहा सांडेपर्यंत हसले. "तुमचं घेतंय कोण, आबा? भंगारवाला बी वजन करून परत दील."

पण त्या हसण्यातूनच ती गोष्ट जन्माला आली. आबांना ती जणू माळावरच्या वाफेत आधीच दिसली होती. वर्षातून एकदा मंगल कार्यालय घ्यायचं. शिरूर आणि दौंडकडच्या आठ-दहा व्यावसायिकांनी व्यासपीठावर यायचं आणि यंदा आपण स्वतः पैसे कशात गुंतवणार आहोत, आणि का, हे खरं खरं सांगायचं. दुकानदार, दूध केंद्रवाले, ठेकेदार, नवीन धंदा करू बघणारी मुलं तिकीट काढून ऐकायला येतील. तिकिटांचे जे पैसे जमतील ते बोलणाऱ्यांच्या मनातल्या कामांना जाईल. आबांची अट एकच: "जे सवता करनार न्हाई, ते दुसऱ्याला सांगायचं न्हाई." कार्यक्रमाला आम्ही छापील नाव भारी दिलं होतं, पण लोकांनी त्याला 'आतली गोष्ट' म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

दिवस ठरला पितृपंधरवड्यातला. मामांनी कपाळाला हात लावला. "अहो, पितरात कोन नवी वस्तू घेत न्हाई, आन् तुमी गुंतवणूक सांगायला बोलावताय?"

"म्हनूनच. कार्यालय सस्तं मिळंल. आन् ऐकून कुणी उड्या मारत बाजारात जानार न्हाई. घटस्थापनेपतूर इचार करंल."

सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. "तू शिकलीयस. तू बोल," एवढीच माझी निवड. मी रात्रंदिवस खपून भाषण लिहिलं. मान्यवर, दीपप्रज्वलन, शब्दसुमनांनी स्वागत, सगळं होतं त्यात. आबांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग सूप पाखडल्यासारखे हात हलवले आणि फुंकर मारली. कारखान्यात या खुणेचा अर्थ 'कोंडा फार आहे' असा होता. उरलेलं भाषण दोन ओळींचं झालं. त्या दोन ओळींचा कागद मी माइकसमोर दोनदा उलगडला आणि दोनदा घडी केला. पहिल्या रांगेत बसलेल्या हौसाताईंनी हनुवटीला बोट टेकवून मला हाक मारली, तेव्हा कुठे आवाज फुटला. आज मी शंभर माणसांसमोर बोलते, ते त्या बोटामुळे.

पहिल्या वर्षी शाल नव्हती, नारळ नव्हता, पुढारी खाली खुर्चीत बसले होते. ताईंनी सांगितलं की त्या गुलाब कमी करून भाजीची रोपं वाढवणार आहेत. मामांनी जुन्या शेडचे पत्रे विकत घेण्याचं गणित उलगडलं. लोक मन लावून ऐकत होते. त्या कार्यक्रमातून मामांच्या शिड्या झाल्या, ताईंच्या बैठकांना खोली मिळाली, आणि आबांना हवं होतं ते यंत्र आलं: तान्ह्या बाळाचे कान तपासणारं. मुठीएवढं यंत्र, त्याच्या वायरीच्या टोकाला मऊ बोंड. बाळ झोपेत असताना ते कानात ठेवायचं. कान चांगला असेल तर हिरवी खूण उमटते. ते घेऊन गावोगाव जायला एक सिस्टर नेमल्या. त्यांचा पगार दरवर्षी या कार्यक्रमातूनच निघायचा.

सिस्टरांची एकच तक्रार असायची, शांत जागा मिळत नाही. कामगारांची बाळं तपासायला त्या कारखान्यात आल्या की आबा दारात उभे राहायचे आणि हात सरळ वर करायचे. सुरेश बटण दाबायचा आणि ग्राइंडर घरघरत थांबायचा. भर कामाच्या वेळेत ती शांतता मला स्वप्नातल्यासारखी वाटायची. पत्रा उन्हाने तडकताना ऐकू यायचा. पोत्यांवरच्या चिमण्या, दूर कुठे तरी मोटारपंप, झोपलेल्या बाळाचा श्वास. पीठ हवेत तरंगत तरंगत खाली बसायचं. पाठीवर पोतं घेतलेले कामगार तसेच उभे राहायचे. मग सिस्टर मान हलवायच्या, आबांचा हात खाली यायचा आणि जग पुन्हा सुरू व्हायचं.

दुसऱ्या वर्षी घात झाला. एका रोपवाटिकावाल्याने व्यासपीठावरून डाळिंबाची एक जात इतकी वाखाणली की लोकांनी दसऱ्याला रोपं बुक केली. नंतर कळलं, त्याच्याकडे ती पडून होती आणि त्याला खपवायची होती. स्वतःच्या शेतात त्याने एकही लावलं नव्हतं. चौकात बोलणं सुरू झालं. "दानधर्म म्हनायचं आन् माल खपवायचा." तिसऱ्या वर्षीची तिकिटं घेऊन मी दुकानांत गेले तर लोक गल्ल्यावरून मान वर करेनात. एक जण म्हणाला, "मॅडम, तुमच्या आबांना सांगा, आतली गोष्ट आता भायेर आली." सिस्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दिवाळीनंतर मी दुसरीकडे बघू का?" मी ते आबांना सांगितलं. ते माळाकडे बघत राहिले.

त्या वर्षी आबांच्या मनात एक खरीखुरी आतली गोष्ट होती. दौंडच्या रेल्वे मालधक्क्याजवळ एक बंद पडलेलं गोदाम होतं. मका रेल्वेने तिथवर येत होता, पण उतरवून ठेवायला जागा नसल्याने आबा तो लांबून ट्रकने आणत होते. ते गोदाम मिळालं असतं तर कारखाना दुपटीने वाढला असता. गणपतीत मालकाने तोंडी होकारही दिला होता. इसाराचे पैसे द्यायचे राहिले, कारण विसर्जन झालं आणि पितर लागले. आबांच्या कारभारीण, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणायचो, त्या म्हणाल्या, "पितर जेवल्याबिगर जागेला हात लावायचा न्हाई." आबांनी मान डोलावली. घटस्थापनेला जायचं ठरलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टपरीवर आबांनी सांगितलं की आपण गोदामाची गोष्ट बोलणार.

मामा उभेच राहिले. "डोस्कं फिरलं का? इसार न्हाई, कागद न्हाई, आन् माइकवर सांगताय?"

"मग काय सांगू?"

"सांगा की कायबी. मक्याचा भाव वाढंल म्हना."

"ते डाळिंबवाल्यानं सांगितलं तसंच झालं." आबांचा हात कानाशी जाऊन उघडला, म्हणजे सिस्टरांचं यंत्र. "ते बंद पडंल, मामा."

ताईंनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "आबा, वर्षभर थांबा. पुढच्या वर्षी सांगा."

"वर्साभरात किती पोरं व्हत्यात, ताई? ती थांबत्यात व्हय?"

कार्यालय निम्मं रिकामं होतं. पंखे नुसत्या खुर्च्यांना वारा घालत होते. आबा माइकपासून जरा लांबच उभे राहिले, कारण हात हलवायला जागा लागायची. "दौंडला मालधक्क्याच्या मागं एक गोडाऊन हाय. पत्रा गंजलाय, दारात बाभळ उगावलीय. तुमी समदे तिथनं जाता, बघत न्हाई. मका रेल्वेनं येतोय आन् आपन तो लांबनं आनतोय. ते गोडाऊन मी घेनार हाय. मालकाचा होकार आलाय. इसार पितर झाल्यावर." मग त्यांनी भाडं, वाहतूक, हमाली, सगळं समजावून सांगितलं, घरातल्या माणसाला सांगावं तसं.

मागून कुणीतरी विचारलं, "आबा, तुमच्या आधी कुणी घेतलं म्हंजी?"

"पितरात?" आबा म्हणाले. सगळे हसले. आबाही हसले.

तिसऱ्या रांगेत दौंडचा एक तरुण ट्रान्सपोर्टवाला बसला होता. त्यालाही हसताना मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवरून गोदामाच्या मालकाला इसार पाठवला.

बातमी आली तेव्हा ग्राइंडर चालू होता, म्हणून मी ती हातांनीच सांगितली. गोदामाला आमच्याकडे खूण नव्हती. मी पत्र्याचा उतार दाखवला आणि हात दुसरीकडे नेऊन मूठ मिटली. आबांनी दोनदा विचारलं, पितरात? दोन्ही वेळा मी मान डोलावली. आई त्या दिवशी ताटावर बसल्याच नाहीत. आबा त्यांच्यासमोर जाऊन बसले. "तुझं काय चुकलं न्हाई. पितरं आपली हुती, त्याची न्हवती. त्याच्या पितरांस्नी मोबाईल कळतोय."

त्यानंतर काही दिवसांनी ते मला आणि हौसाताईंना घेऊन दौंडला गेले. काम काही नव्हतं. रेल्वेच्या पुलावर आम्ही तिघं उभे राहिलो. खाली मालगाडी येत होती, डबा, डबा, डबा, संपतच नव्हती. पलीकडे गोदामाच्या दारातली बाभळ कुणीतरी तोडली होती. मला रडू येत होतं. आबांनी डोळ्यांवर हात धरला.

"मेंढरागत जात्यात बघ. एकामागं एक." डोळ्यांवरचा हात न काढता ते म्हणाले, "आपल्या दारात आली असती गं. दुसऱ्याच्या दारात आली. पर आली का न्हाई?" हौसाताईंनी पुलाच्या कठड्यावर दोन्ही तळहात ठेवले होते. गाडी तिच्या हातांतून जात होती आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

दिवाळीत तो ट्रान्सपोर्टवाला पेढ्यांचा बॉक्स घेऊन कारखान्यात आला. सुरेशने ग्राइंडर मुद्दाम मोठा केला. आबांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. "ग्वाड हाय. पेंड आमची, दूध आमच्या गिऱ्हाइकाचं, पेढा तुझा." तो पोरगा खाली मान घालून म्हणाला, "आबा, धंदा हाय." "व्हय की. म्हनूनच तिकीट लावलं हुतं," आबा म्हणाले आणि आणखी एक पेढा घेतला. पुढे मका त्याच्याच गोदामातून येऊ लागला, भाडं देऊन. कारखाना होता तेवढाच राहिला.

पण गावागावांत एक गोष्ट पोहोचली होती: आबांनी खरं सांगितलं आणि स्वतः बुडाले. पुढच्या पितरात मी तिकिटं घेऊन निघाले तर ती दुपारपर्यंत संपली. ज्याने मला टोमणा मारला होता, त्याने आपल्या दोन मुलांचीही घेतली. कार्यालयात लोक भिंतींना टेकून उभे होते. व्यासपीठावर येणाऱ्या माणसाला आता आधीच विचारलं जायचं, "तुमी सवता करनार का?" आणि खोटं बोलायची कुणाची छाती होत नव्हती. सिस्टरांना मदतीला आणखी एक जण मिळाली. मी कधी आबांशी त्या गोदामाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. दौंडकडून येणारा ट्रक दिसला की फक्त हात कपाळावर जायचा.

माझं लग्न झालं, मी शिरूरला राहायला गेले, एसटीने येऊन-जाऊन नोकरी करत राहिले. आबा थकत गेले. कारखाना त्यांचा पुतण्या पाहू लागला. बाळंतपणाच्या रजेवर जाण्यापूर्वी मी त्यांच्या पाया पडायला गेले, तेव्हा ते ओट्यावर घोंगडीवर पडून होते, आणि आवाज फारच बारीक झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मूठ कानाशी नेली आणि बोटं उघडली.

"येळेवर," ते म्हणाले.

ते आमचं शेवटचं बोलणं. थंडी सरता सरता ते गेले. डॉक्टरांनी मला हलायला मनाई केली होती, त्यामुळे मी पोहोचू शकले नाही. सुरेशने फोन केला. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, आणि मला फोनमध्ये चिमण्या ऐकू आल्या. ग्राइंडर बंद होता.

मुलगी झाली. दवाखान्यातल्या गडबडीत तिची कानाची तपासणी राहून गेली; घरचे म्हणाले, चुटकी वाजवली की बघते की. मला मेंढरं आठवली. तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन मी कारखान्यात गेले. सिस्टर यायच्याच होत्या. ऑफिसच्या खोलीत हौसाताईंनी तिला खांद्यावर घेतलं. तिच्या खांद्यावर बाळं लगेच झोपतात. उजव्या कानाला हिरवी खूण उमटली. डाव्या कानाला उमटली नाही. सिस्टरांनी बोंड काढून पुन्हा लावलं. पुन्हा नाही.

"आवाज फार आहे बाहेर," त्या म्हणाल्या. पण बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

आबा गेल्यावर तपासणीसाठी ग्राइंडर थांबवायची रीत मागे पडली होती. पुतण्याची ऑर्डर निघायची होती, ट्रक दारात उभा होता. मला उठवत नव्हतं. हौसाताईंना आवाज ऐकू येत नव्हता, पण तिने सिस्टरांचा चेहरा पाहिला आणि माझा पाहिला. बाळ माझ्या मांडीवर ठेवून ती दारात गेली आणि तिने हात सरळ वर केला.

सुरेश बघतच राहिला. तो हात अगदी आबांचा होता. त्याने बटण दाबलं. पुतण्या केबिनमधून तणतणत बाहेर आला, तो हात पाहिला आणि जिथे होता तिथेच थांबला. पोती खांद्यावर घेतलेली माणसं थांबली. पीठ हळूहळू खाली बसू लागलं. पत्रा तडकला. मी माझ्या मुलीचा श्वास ऐकत होते आणि सिस्टरांच्या हातातल्या त्या मुठीएवढ्या यंत्राकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही."

मी हौसाताईंकडे बघून मूठ कानाशी नेली, बोटं उघडली, आणि मान हलवत राहिले, हलवत राहिले. तिचा हात खाली आला. सुरेशने ग्राइंडर सुरू केला.

त्या धडाक्याने माझी मुलगी दचकून जागी झाली. तिचे डोळे उघडले आणि मान ग्राइंडरच्या बाजूला वळली. हौसाताईंनी ते पाहिलं. ती झटकन खोलीभर बघू लागली: आधी माझ्याकडे, मग सिस्टरांकडे, मग खिडकीकडे. कुणी हललं होतं का, कुणी त्या बाजूला मान वळवली होती का, ते ती शोधत होती. कुणीच वळवली नव्हती.

मग ती दारात गेली, कपाळावर आडवा तळहात धरला, आणि माळाकडे बघत राहिली.